प्रोग्रामचे सामान

ॲरिझोना राज्यात फिनिक्सच्या आग्नेयेला चँडलर आहे. अलेक्झांडर जॉन चँडलर या पशुवैद्याने १९१२ साली ते वसवले. सुरुवातीच्या काळात इथे कापूस पिकत होता आणि पिसांसाठी शहामृगे पाळली जात होती. आज गाव ओळखले जाते ते चिपमुळे. ओकोटिलो भागात इंटेलचे अवाढव्य कारखाने आहेत आणि चँडलर बुलेव्हार्डवर मायक्रोचिप टेक्नॉलॉजी या कंपनीचे मुख्यालय. महाराष्ट्रातून आलेल्या अभियंत्यांची घरेही या परिसरात दिसतात, ती बरीचशी याच धंद्यामुळे.

मायक्रोचिप हे नाव ओळखीचे वाटत नसले, तरी तिची चिप अनेकांच्या हातून गेलेली असते. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्सची मुले ज्या ‘पिक’ मायक्रोकंट्रोलरवर दिवे लुकलुकवायला शिकतात, तो या कंपनीचा. २०१६ साली तिने ॲटमेल ही कंपनी विकत घेतली, त्यामुळे शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणाऱ्या आर्डुइनो ऊनो बोर्डावरची चिपही आता चँडलरच्याच घरची.

या प्रकरणाचा प्रश्न नीट समजायचा तर या छोट्या चिपपासून सुरुवात केलेली बरी. प्रश्न असा: प्रोग्रामला लागणारी चित्रे, आवाज, फाँट आणि मजकूर ठेवायचे कुठे, आणि ते प्रोग्रामबरोबर गिऱ्हाइकाच्या हाती पोचवायचे कसे?

फोल्डर नसलेली जागा

पिक१६एफ८४ ही हौशी मंडळींची एके काळची लाडकी चिप. तिच्यात प्रोग्रामसाठी १०२४ खण असतात, प्रत्येक खण १४ बिटांचा. चालू हिशेबासाठी वेगळी स्मृती असते, ती अवघी ६८ बाइटची. हार्ड डिस्क नाही, फाइल नाही, फोल्डर नाही. प्रोग्रामच्या खणांतून सूचना उचलून चालवता येतात, पण त्याच खणांतला डेटा म्हणून काही वाचण्याची सोय या चिपमध्ये नाही.

मग पडद्यावर ‘नमस्कार’ दाखवायचे कसे? रोमन लिपीत त्याची आठ अक्षरे होतात. ती ६८ बाइटमध्ये कोंबावी तर वीज गेली की पुसली जाणार. यावरचा तोडगा असा, की प्रत्येक अक्षर एका सूचनेच्या पोटात घालायचे. पिकच्या सूचनासंचात ‘रेटएलडब्ल्यू’ नावाची सूचना आहे. तिचा अर्थ, ‘हा आकडा हातात घे आणि आलास तिथे परत जा.’ आठ अक्षरांसाठी अशा आठ सूचना ओळीने मांडायच्या आणि त्यांच्या आधी एक उडी ठेवायची. तिसरे अक्षर हवे असेल तर तिसऱ्या सूचनेवर उडी मारायची, ती अक्षर घेऊन परत येते. म्हणजे प्रोग्राम चालतो आणि चालता चालता मजकूर ओकतो. इथे मजकूर आणि प्रोग्राम यांच्यात काही सीमाच उरत नाही.

यात एक मेखही आहे. ही उडी पत्त्याच्या फक्त खालच्या आठ बिटांत मारली जाते. तक्ता २५६ खणांच्या सीमेवर पसरला आणि वरच्या बिटांची वेगळी काळजी घेतली नसेल, तर उडी भलतीकडेच पडते. काल नीट चालणाऱ्या प्रोग्रामात आज कुठेतरी वर चार ओळी वाढवल्या, तक्ता खाली सरकला आणि पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा आला, हा अनुभव पिकवर काम करणाऱ्यांना नवा नाही. अक्षरे बदलली नव्हती, फक्त त्यांची जागा बदलली होती.

पुढच्या पिक१८ मालिकेत प्रोग्रामच्या स्मृतीतून डेटा वाचण्यासाठी खास सूचना आल्या. पिक१८एफ४५५० मध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि कामासाठी २ किलोबाइट आहेत. आर्डुइनो ऊनोचे मापही एवढेच. ऊनोवर साधी अक्षरमाला लिहिली तर सुरू होताना ती त्या तुटपुंज्या २ किलोबाइटमध्ये उतरवली जाते. ‘प्रोगमेम’ अशी खूण केली तर ती ३२ किलोबाइटच्या बाजूलाच राहते आणि लागेल तेव्हा तिथून वाचावी लागते. एका शब्दाची खूण, पण सामान कुठल्या खोलीत राहील ते तिच्यावर ठरते.

आणि मराठी अक्षरे? दोन ओळी, सोळा घरे असा जो स्वस्त एलसीडी पडदा मुले वापरतात, त्याच्या हिताची नियंत्रकात देवनागरी नसते. मात्र स्वतःची आठ चिन्हे काढायला जागा असते, प्रत्येक चिन्ह पाच बाय आठ ठिपक्यांचे. मुले चौकटीच्या कागदावर ‘क’ काढतात, प्रत्येक ओळीचा एक बाइट असे आठ बाइट काढून प्रोग्रामात टाकतात. पडद्यावर दोन घरांच्या मध्ये फट असते, म्हणून शिरोरेषा तुटक येते. तरी ‘क’ दिसतो. ते आठ बाइट म्हणजे या प्रकरणाच्या भाषेत एक रिसोर्स फाइल.

आत, शेजारी की सामायिक कोठारात

रिसोर्स म्हणजे प्रोग्रामला लागणारी, पण स्वतः प्रोग्राम नसलेली प्रत्येक वस्तू. बटणावरचे चित्र, सूचनेचा आवाज, फाँट, भाषांतरे, नमुन्याची माहिती. दौऱ्यावर निघालेल्या नाटक कंपनीत नट असतात तसा कोड, आणि टेम्पोत भरलेले पडदे, कपडे, तलवारी म्हणजे रिसोर्स. थिएटर बदलले तरी नटांचे संवाद तेच राहतात, सामान मात्र कुठे उतरवायचे आणि कुठे टांगायचे हे प्रत्येक थिएटरात वेगळे असते.

संगणकांच्या जगात या सामानाला तीन प्रकारच्या जागा मिळाल्या.

पहिली जागा प्रोग्रामच्या आत. १९८४ च्या मॅकिंटॉशवर प्रत्येक फाइलला दोन फाटे असत, एकात डेटा आणि दुसऱ्यात रिसोर्स. ब्रूस हॉर्न या अभियंत्याने लिहिलेला रिसोर्स मॅनेजर त्या फाट्यातून चित्रे, मेन्यू, वाक्ये चार अक्षरी प्रकार आणि क्रमांक सांगून काढून द्यायचा. याचा मोठा फायदा भाषांतराला झाला. प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता मेन्यूतले शब्द बदलता येऊ लागले. तोटाही तितकाच मोठा. फाइल दुसऱ्या जातीच्या संगणकावर गेली की दुसरा फाटा गळून पडायचा. विंडोजने आपली वाट काढली. तिथे ‘आरसी’ फाइलीत सामानाची यादी लिहायची, रिसोर्स कंपायलरने ती बांधायची आणि लिंकरने ती थेट ईएक्सई फाइलीच्या एका कप्प्यात बसवायची. आजही विंडोजवरच्या प्रोग्रामचे छोटे चित्र त्याच कप्प्यातून येते.

दुसरी जागा प्रोग्रामच्या शेजारी. आजच्या मॅकवरचे ॲप दिसते एका फाइलीसारखे, पण ते असते फोल्डर. नेक्स्टस्टेप या प्रणालीकडून आलेली ही पद्धत. त्यात ‘कंटेंट्स’, त्याच्या आत चालणारा प्रोग्राम वेगळा आणि ‘रिसोर्सेस’ वेगळे. फोल्डर उचलून कुठेही ठेवा, सामान बरोबर येते.

तिसरी जागा सामायिक कोठारात. युनिक्सच्या परंपरेत प्रोग्राम एका ठिकाणी आणि त्याचे सामान ‘यूएसआर’ फोल्डरातल्या ‘शेअर’ या फोल्डरात. ‘शेअर’ अशासाठी की चित्र किंवा भाषांतर कोणत्याही प्रोसेसरवर तेच असते, म्हणून ते वेगळ्या जातीच्या यंत्रांनी वाटून घ्यावे. लिनक्सवर मराठी भाषांतरे याच कोठारात ‘लोकॅल’ खाली ‘एमआर’ नावाच्या फोल्डरात सापडतात. कोणत्याही प्रोग्रामने तिथे आपली मराठी फाइल ठेवली आणि वापरणाऱ्याने भाषा मराठी निवडली की मेन्यू मराठीत येतो.

तिन्ही जागा आपापल्या ठिकाणी शहाण्या आहेत. अडचण येते ती एकच प्रोग्राम तिन्हीकडे न्यायचा ठरवला की.

एक यादी, तीन थिएटरे

बिल्ड म्हणजे माणसाने लिहिलेल्या फाइलींपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची सगळी खटपट. या खटपटीचे पहिले मोठे अवजार ‘मेक’. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली लिहिले. कोणती वस्तू कशापासून बनते आणि कशी बनवायची, हे मेकफाइलमध्ये लिहायचे. मेक तारखा ताडून पाहते आणि जे जुने झाले तेवढेच पुन्हा बनवते. चँडलरच्या चिपसाठी मायक्रोचिप देते त्या एमपीलॅब एक्स या साधनाचेही आतले यंत्र हेच आहे. वापरणारा वरून बटण दाबतो, आत मेकफाइल धावते.

पण मेकफाइल युनिक्सच्या सवयींची. विंडोजवरचे लोक व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रोजेक्ट फाइली लिहीत. नव्वदच्या दशकात दोन्हीकडे चालणारे सॉफ्टवेअर करायचे म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन याद्या सांभाळायच्या आणि एकीत भर घातली की दुसरीत विसरायचे.

ही कटकट सोडवणारे अवजार वैद्यकशास्त्राच्या गरजेतून आले. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने मानवी शरीराच्या पातळ कापांच्या प्रतिमांचा प्रचंड संग्रह ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पात तयार केला होता. अशा प्रतिमांवर काम करण्यासाठी ‘इनसाइट टूलकिट’ नावाचे सॉफ्टवेअर तिने करवून घेतले. संशोधकांपैकी कुणाकडे विंडोज, कुणाकडे युनिक्स. त्यांना एकच बिल्ड हवा होता. न्यूयॉर्क राज्यातल्या किटवेअर कंपनीत बिल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास त्यासाठी ‘सीमेक’ लिहिले.

सीमेकची युक्ती साधी आहे. ते स्वतः काही बांधत नाही. तुम्ही एकदा यादी लिहायची. त्या यादीवरून सीमेक लिनक्सवर मेकफाइल किंवा निंजा या मेकसारख्याच अवजाराच्या फाइली लिहून देते, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट आणि मॅकवर एक्सकोडचा. प्रत्येक ठिकाणचा कारागीर आपल्याच हत्यारांनी काम करतो. २००६ साली केडीई या मोठ्या मुक्त प्रकल्पाने सीमेकची वाट धरली आणि त्यानंतर ते सर्वदूर पसरले.

या यादीत कोडबरोबर सामानही लिहिता येते, आणि खरी परीक्षा तिथेच लागते. कोड चुकला तर कंपायलर ओरडतो. चित्र राहिले तर कुणीच ओरडत नाही. बिल्ड हिरवा दिसतो, प्रोग्राम उघडतो, फक्त बटणाच्या जागी रिकामा चौकोन असतो.

शाळेच्या ॲपचे उदाहरण

समजा, चँडलरमधल्या काही पालकांनी मिळून शनिवार-रविवारच्या मराठी शाळेसाठी मुळाक्षरांचे ॲप करायचे ठरवले. ‘अ’ दाबला की अननसाचे चित्र यावे, उच्चार ऐकू यावा, खाली अक्षर गिरवायला मिळावे. कुणाच्या घरी विंडोज लॅपटॉप, कुणाकडे मॅक, आणि एका घरी लिनक्सच चालते. सामान चार प्रकारचे: चित्रे, आवाज, फाँट आणि मेन्यूचे मराठी-इंग्रजी शब्द.

पहिला कोड लिहिणारा बहुधा आपल्याच लॅपटॉपवरचा चित्राचा पूर्ण पत्ता प्रोग्रामात लिहून टाकतो. त्याच्याकडे सगळे झकास चालते. शेजाऱ्याकडे चित्रे येत नाहीत. मग ऐकू येते ते जगभरच्या अभियंत्यांचे वाक्य: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ चालणारच. सामान त्याच्या घरी आहे.

दुसरा प्रयत्न ‘चालू फोल्डरात शोध’ असा असतो. तोही फसतो, कारण चालू फोल्डर म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू केला ती जागा. प्रोग्राम जिथे राहतो ती जागा वेगळी असू शकते. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून उघडला की पत्ता चुकला. भरवशाचा मार्ग असा, की प्रोग्रामने प्रथम स्वतःचा ठिकाणा विचारावा आणि तिथून मोजून सामानापर्यंत जावे. विंडोजवर शेजारच्या फोल्डरात, मॅकवर एक पायरी वर चढून ‘रिसोर्सेस’मध्ये, लिनक्सवर वर चढून ‘शेअर’मध्ये. हे अंतर प्रत्येक प्रणालीत वेगळे, म्हणून ते प्रोग्रामात हाताने लिहू नये. बिल्डच्या यादीत एकदा ठरवावे आणि तिथूनच प्रोग्रामला कळवावे. सीमेकमध्ये यासाठी ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा आहे. मॅकच्या बंडलमध्ये, म्हणजे ॲपच्या त्या फोल्डरात, एखादी फाइल कुठल्या फोल्डरात पडावी, हे त्या फाइलीवर खूण करून सांगता येते.

मग प्रश्न येतो, काय आत घालायचे आणि काय शेजारी ठेवायचे. बटणांची छोटी चित्रे आणि मेन्यूचे शब्द आत घातले तर हरवण्याचा धोकाच संपतो. जुनी पद्धत म्हणजे ‘एक्सएक्सडी’सारख्या अवजाराने चित्राचे बाइट सी भाषेतल्या आकड्यांच्या ओळीत बदलायचे. प्रत्येक बाइटला शून्य, एक्स, दोन आकडे, स्वल्पविराम आणि मोकळी जागा अशी सहा अक्षरे लागतात. एक मेगाबाइटच्या चित्राचा सहा मेगाबाइटहून अधिक मजकूर होतो आणि कंपायलर एकेक आकडा वाचत बसतो. बटणापुरते ठीक, पण ४८ उच्चारांच्या आवाजांना ही रीत लावली तर बिल्ड सुरू करून चहा पिऊन यावे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या प्रमाणात अखेर ‘एम्बेड’ ही सोय आली. तिच्यामुळे फाइलीचे नाव सांगितले की कंपायलर ती जशीच्या तशी आत घेतो.

क्यूट या लोकप्रिय चौकटीत यासाठी ‘क्यूआरसी’ नावाची यादी असते. ‘आरसीसी’ हे अवजार त्या यादीतल्या फाइली दाबून बांधते आणि प्रोग्रामात घालते. प्रोग्राम त्या फाइली अपूर्णविरामाने सुरू होणाऱ्या पत्त्याने वाचतो, जणू आतच एक छोटी डिस्क आहे. सीमेकला एक खूण केली की ते आरसीसी आपणहून चालवते. एका ठिकाणी मात्र लोक अडकतात. सामान स्थिर लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रामात जोडायच्या आधीच बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यात घातले, तर लिंकरला वाटते की हे कुणी हाक मारत नाही, म्हणजे हा अडगळीचा माल आहे. तो सगळा गठ्ठा टाकून देतो. प्रोग्राम बनतो, चित्रे गायब. सुरुवातीलाच त्या सामानाच्या नावाने एक हाक घालावी लागते, तेव्हा ते आत राहते.

आवाज मोठे, म्हणून ते शेजारी ठेवलेले बरे. एखादा उच्चार पुन्हा रेकॉर्ड केला तर पूर्ण प्रोग्राम नव्याने बांधावा लागत नाही.

फाँटचे काय? प्रत्येक यंत्रावर कुठला तरी देवनागरी फाँट असतोच, मग आपला न्यायची गरज काय? गरज आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. युनिकोडमध्ये दोन्हींना एकच क्रमांक आहे, फरक फाँटमध्ये आणि मजकुराच्या भाषेच्या खुणेत असतो. गिरवण्याच्या ॲपमध्ये मुलाने हिंदी वळणाचा ‘ल’ गिरवला तर आजी फोनवर टोकणारच. तेव्हा फाँट बरोबर न्यायचा आणि मजकूर मराठी आहे हेही सांगायचे. आकार वाचवण्यासाठी फाँटमधली नको ती अक्षरे काढण्याची पद्धत आहे, पण देवनागरीत ती जपून वापरावी. ‘क्ष’, ‘त्र’, ‘श्र’ यांच्या आकृत्यांना स्वतःचे क्रमांक नसतात, त्या फाँटच्या नियमांतून जुळतात. फक्त क्रमांकांची यादी पाहून छाटणी केली, तर जोडाक्षरे मोडून हलंत दिसू लागतात.

नावांचे घोळ

चित्र आहे, यादीत आहे, जागेवर आहे, तरी दिसत नाही, असेही होते. फाइलीचे नाव रोमन लिपीत ‘आई’ असे मोठ्या ए ने लिहिले आणि कोडमध्ये लहान ए ने, तर विंडोज आणि मॅक बहुधा दुर्लक्ष करतात. लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. मॅकवर महिनोन्‌महिने चाललेले ॲप लिनक्सवर पहिल्याच दिवशी अडते ते यामुळे.

मराठी नावांचा घोळ याहून गमतीचा आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र लिहिण्यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. तेच अक्षर साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकड्यांतही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था नावे तुकडे करूनच ठेवत असे. ‘दऱ्या’ नावाचे चित्र विंडोजवर अखंड अक्षराने तयार झाले, मॅकवर जाऊन तुकड्यांचे झाले आणि तिथून लिनक्सवर आले तर कोडमधल्या नावाशी जुळेना. फाइलींची नावे रोमन लहान अक्षरांत आणि अंकांत ठेवावीत, मराठी त्यांच्या आतल्या मजकुरात असावी, हा नियम अशा अनुभवांतून आला.

तिसरा घोळ आळसाचा. यादीत एकेक चित्र लिहिण्याचा कंटाळा येतो, म्हणून ‘या फोल्डरातली सगळी चित्रे घे’ असे सीमेकला सांगितले जाते. सीमेक ती झडती यादी तयार करताना घेते. नंतर कुणी ‘ज्ञ’चे नवे चित्र टाकले, पण सीमेकची यादी बदलली नाही, तर ते पुन्हा झडती घेत नाही. बिल्ड यशस्वी, ‘ज्ञ’ बेपत्ता. सीमेकचे कर्तेही या कारणाने नावे लिहूनच द्या असे सांगतात. चाळीस नावे लिहायला पाच मिनिटे लागतात, पण कुणी एखादे काढले किंवा घातले तर ते बदलांच्या इतिहासात दिसते.

गाडीत भरताना

बांधून झाले की पॅकेज करायचे. सीमेकसोबत येणारे ‘सीपॅक’ हे अवजार त्याच ‘इन्स्टॉल’च्या यादीवरून विंडोजसाठी इन्स्टॉलर, मॅकसाठी डिस्क प्रतिमा आणि लिनक्ससाठी डेब किंवा आरपीएम पॅकेज तयार करते. यादी नीट असेल तर हे काम चुटकीसरशी होते, आणि यादीतली चूक तिन्हीकडे एकदम उघडी पडते.

इथे एक शिस्त पाळावी लागते. बरोबर नेलेले सामान वाचण्यासाठी असते, त्यात लिहायचे नसते. मॅकवर बंडलवर सही केली की आतल्या प्रत्येक रिसोर्सचा ठसा नोंदवला जातो. ॲपने नंतर तिथे मुलाचे गुण लिहिले तर ठसा जुळत नाही आणि सही मोडते. विंडोजच्या प्रोग्राम फाइल्स फोल्डरात साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची मुभा नसते, लिनक्सच्या ‘शेअर’मध्येही नसते. मुलाने कुठपर्यंत गिरवले याची नोंद त्याच्या खात्याच्या फोल्डरात जायला हवी.

समजा, पालकांना पुढे हेच ॲप एका छोट्या खेळण्यात घालायचे आहे, आत मायक्रोचिपचा ३२ बिटी कंट्रोलर आणि रंगीत पडदा. आता बिल्ड लॅपटॉपवर होणार आणि प्रोग्राम चिपवर चालणार. चित्रांचे बाइटमध्ये रूपांतर करणारे अवजार लॅपटॉपसाठी बांधलेले हवे, त्यातून निघालेली आकड्यांची ओळ मात्र चिपच्या कंपायलरकडे जायला हवी. सगळेच चिपसाठी बांधा असे यादीत लिहिले तर ते अवजार लॅपटॉपवर चालतच नाही आणि बिल्ड पहिल्या पायरीवर थांबतो. चिपच्या पोटात शेजारी किंवा सामायिक अशा जागा नसतात. सामान आत, नाहीतर बाहेर जोडलेल्या स्मृतीत. मायक्रोचिपची चित्रपडद्यांसाठीची अवजारे याच दोन वाटा देतात.

शेवटी, पाठवण्याआधीची परीक्षा. ज्या यंत्रावर ॲप लिहिले तिथे ते तपासून काही कळत नाही, कारण तिथे मूळ फाइली आसपासच असतात आणि प्रोग्राम चुकून त्याच उचलतो. पॅकेज कोऱ्या यंत्रावर लावावे. तसे यंत्र हाताशी नसेल तर मूळ फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून पाहावे. प्रोग्राम चालला आणि सगळी चित्रे दिसली, तर सामान खरोखर बरोबर आले आहे.

त्या सामानात एक कागदही असायला हवा. नोटो देवनागरी किंवा रेड हॅटच्या पुण्यातल्या चमूने जोपासलेला लोहित हे फाँट ओपन फाँट लायसन्सखाली मिळतात. ॲपबरोबर फुकट द्या, विकत द्या, हरकत नाही, पण हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत हवा. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर छाटलेला फाँट त्याच नावाने वाटता येत नाही. चित्र राहिले तर मुलाला रिकामा चौकोन दिसतो आणि कुणीतरी तक्रार करते. परवाना राहिला तर कुणालाच काही दिसत नाही. म्हणून बिल्डच्या यादीत पहिल्या चित्राबरोबरच परवान्याच्या फाइलीचीही ओळ लिहून टाकावी.